गॅलरीतले ज्यू काका सकाळी बोलत का नाहीत

प्रश्न असा आलाय, थोडक्यात लिहितो: "आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक ज्यू काका राहतात. रोज सकाळी अंगावर पांढरी शाल, कपाळावर काळी डबी, हाताला काळा पट्टा गुंडाळून पश्चिमेकडे तोंड करून गॅलरीत उभे असतात. गुड मॉर्निंग म्हटलं तर उत्तर देत नाहीत, अर्ध्या तासाने मात्र स्वतःच चहाला हाक मारतात. हे नक्की काय करतात, दिवसातून किती वेळा, कुठल्या भाषेत, देवाकडे मागतात काय, बायका पण करतात का, आणि आम्हाला कधी येऊन बघता येईल का?"

मी स्वतः बेने इस्राएल, म्हणजे कोकणात स्थायिक झालेल्या मराठी ज्यूंपैकी, ठाण्याचा, घरात मराठीच बोलतो. रेल्वेत नोकरी झाली, आता रिटायर. रब्बी म्हणजे धर्मगुरू वगैरे नाही हं, पण गेली तीसेक वर्षं हाझान म्हणजे प्रार्थना चालवणारा माणूस हजर नसला की पुढे मलाच उभं करतात, त्यामुळे जे सांगतोय ते तोंडपाठ झालेलं आणि चुका करून शिकलेलं आहे.

आधी काकांची बाजू घेतो. ते घमेंडखोर नाहीत, त्यांना त्या वेळी बोलायची मनाई आहे. ती डबी म्हणजे तेफिलिन, अशा दोन असतात, एक दंडावर आणि एक डोक्यावर, आणि दंडावरची बांधल्यापासून डोक्यावरची बसेपर्यंत मधे एक शब्द बोलायचा नाही. माझ्याकडे नेमकं त्याच वेळी दूधवाला बेल वाजवतो आणि बायको आतून ओरडते की सुट्टे कुठे ठेवलेत, मी नुसतं भुवयांनी फ्रिजकडे दाखवतो. पुढे जी मुख्य प्रार्थना येते, अमिदा, तिच्यात तर त्याहून कडक. मिश्नामधे, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, लिहिलंय की राजाने नमस्कार केला तरी उत्तर द्यायचं नाही आणि टाचेला साप विळखा घालून बसला तरी थांबायचं नाही. (पुढच्या रब्बींनी लगेच सांगितलंय की साप चिडलेला असेल तर हलायचं आणि विंचू असेल तर सरळ थांबायचं. आमचे कोकणातले आजोबा म्हणायचे, हे लिहिणाऱ्यांनी फुरसं बघितलेलं नाही, फुरशाला विंचवाचाच नियम लावा.) तर राजाला जिथे उत्तर नाही तिथे तुमच्या गुड मॉर्निंगचं काय, राग मानू नका.

आणि अजून एक, डबी कपाळावर नसते. लांबून तशी दिसते, पण ती केस सुरू होतात त्या रेषेच्या वर बसवायची असते, दोन डोळ्यांच्या मधोमध सरळ वर. कपाळावर घसरली तर चूक. आत चामड्याच्या चार कप्प्यांमधे तोराचे, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाचे, चार उतारे चर्मपत्रावर हाताने लिहून ठेवलेले असतात, दंडावरच्या डबीत तेच चार उतारे एकाच पट्टीवर. दंडावरची डाव्या हाताला, आतल्या बाजूला हृदयाकडे वळवून, डावखुरा माणूस असेल तर उजव्या हाताला. मग कोपराखाली पट्ट्याचे सात वेढे, मग डोक्यावरची, आणि शेवटी मधल्या बोटाला तीन वेढे घालायचे. ते घालताना होशेय संदेष्ट्याची ओळ म्हणायची असते की मी तुझ्याशी कायमचं लग्न ठरवतो, म्हणजे रोज सकाळी एकदा साखरपुडा. पट्टा काढल्यावर हातावर वळ राहतात, पाऊण तास तरी जात नाहीत. नोकरीला नवीन होतो तेव्हा आमच्या साहेबांनी वळ बघून काळजीने विचारलेलं, रोज बीपी तपासून येतोस का रे, एवढं काय झालंय तुला.

मुंबईची हवा या चामड्याची वैरी आहे. पावसाळ्यात चार दिवस कपाटात राहिली तर पांढरी बुरशी धरते, आणि आतल्या अक्षराला एवढीशी चीर गेली तरी सगळी तेफिलिन बाद. तपासायला सोफेर लागतो, म्हणजे हे लिहिणारा माणूस, तो आपल्याकडे हाक मारली की मिळतो असं नाही, म्हणून माझी जोडी दर थोड्या वर्षांनी कुणीतरी इस्रायलला जाणारं असेल त्याच्या केबिन बॅगेतून जाते आणि तपासून परत येते. शनिवारी आणि सणाला तेफिलिन घालत नाहीत, तेव्हा शनिवारी काका नुसत्या शालीत दिसतील. शालीचं नाव तालित. आमची जुनी माणसं तिलाच सिसिथ म्हणायची, खरं तर सिसिथ म्हणजे तिच्या चार कोपऱ्यांना गाठी मारून सोडलेले दोरे.

आता किती वेळा. तीन वेळा. सकाळी शाहरित, दुपारी मिन्हा, रात्री अर्वित. शनिवारी आणि सणाला मुसाफ नावाची एक जादा, आणि किप्पूरच्या, म्हणजे वर्षातल्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाला संध्याकाळी आणखी एक, म्हणजे त्या दिवशी पाच. तीनच का, तर तालमूदमधे, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चेच्या ग्रंथात, दोन मतं आहेत. एक म्हणतं सकाळची अब्राहामाने सुरू केली, दुपारची इसहाकाने, रात्रीची याकोबाने. दुसरं म्हणतं जेरुसलेमच्या मंदिरात रोज सकाळी आणि दुपारनंतर एकेक कोकरू अर्पण व्हायचं, इ.स. ७० मधे रोमनांनी मंदिर पाडलं, अर्पण बंद पडलं, त्याची जागा प्रार्थनेने घेतली. मला स्वतःला दुसरं पटतं, कारण त्यानेच कळतं की वेळेचा एवढा आग्रह का, कोकरू काही तुमचा मूड लागेपर्यंत थांबत नव्हतं. रात्री अर्पण नव्हतं म्हणून अर्वित सक्तीची की ऐच्छिक यावर तेव्हा इतकं भांडण झालं की राब्बान गामलिएल नावाच्या प्रमुखाला त्या भरात पदावरून उतरवलं. आम्ही आजही कमिटीच्या मीटिंगमधे आवाज चढला की हेच उदाहरण देतो.

वेळेचं गणित मात्र मजेशीर आहे. आपला तास ६० मिनिटांचा, प्रार्थनेचा तास तसा नाही. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतचे बारा भाग करायचे, तो एक तास. म्हणजे जूनमधे मुंबईत हा तास साधारण ६६ मिनिटांचा आणि डिसेंबरात ५५ चा. सकाळचं शेमा (देव एकच असं सांगणारा उतारा, पुढे येतोच) तिसरा तास संपायच्या आत आणि अमिदा चौथा संपायच्या आत व्हायला हवी. मिन्हा मध्यान्हानंतर अर्धा तास सोडून, म्हणजे आपल्याकडे एक वाजून गेल्यावर, ते सूर्यास्तापर्यंत. पूर्वी भिंतीवर तक्ता लावलेला असायचा, आता मोबाईलमधे अ‍ॅप आहे, गाव टाकलं की मिनिटासकट सांगतं.

नोकरीवाल्याची खरी कसोटी मिन्हाला लागते. सकाळचं घरी निभतं, पाऊण तास जातो, सोमवारी आणि गुरुवारी सिनेगॉगमधे, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, तोरा वाचतात म्हणून थोडा जास्त. रात्रीचं जेवणाआधी पंधरा मिनिटांत होतं. दुपारचं ऑफिसच्या मधोमध येतं. मी वीस वर्षं आमच्या स्टोअर रूममधे रजिस्टरच्या रॅकमागे उभा राहून मिन्हा केली, कारण पश्चिमेची भिंत तीच होती. मुंबईहून जेरुसलेम पश्चिमेला, जरासं वायव्येकडे, म्हणून काका तिकडे तोंड करतात आणि आमच्या सिनेगॉगमधे तोराचं कपाट, हेखाल, त्याच भिंतीला असतं. एकदा शिपाई फाईल घ्यायला आला आणि बाहेर जाऊन सांगितलं की साहेब भिंतीशी बोलतायत, बहुतेक घरी काहीतरी झालंय.

म्हणायचं काय? सगळं हिब्रूत, थोडा भाग अरामीत. डोळे उघडले की अंथरुणातच "मोदे अनी", एक ओळ, जीव परत दिलास म्हणून आभारी आहे. मग तांब्याने दोन्ही हातांवर आलटून पालटून पाणी, मग आभारांची माळ सुरू, आंधळ्याला दृष्टी देणारा, वाकलेल्याला सरळ करणारा, असं छोटं छोटं. दिवसाला शंभर ब्राखा म्हणजे आभार पूर्ण करायचे अशी परंपरा आहे, त्यात खाण्यापिण्याचे वेगळे, वास घेण्याचे वेगळे, आणि हो, संडासला जाऊन आल्यावरचा पण आहे. हसू नका. त्यात म्हटलंय की तू माणूस शहाणपणाने घडवलास, त्यात छिद्रं छिद्रं आणि पोकळ्या पोकळ्या केल्यास (हिब्रूतही तसाच डबल शब्द आहे), त्यातलं एक उघडायचं ते बंद झालं किंवा बंद असायचं ते उघडलं तर माणूस उभा राहू शकणार नाही. मी लहानपणापासून ते बाथरूमच्या दाराशी भरभर उरकायचो. ५८ व्या वर्षी मुतखडा झाला, दोन दिवस हॉस्पिटलमधे काढले आणि तिसऱ्या दिवशी ती ब्राखा म्हणताना शब्द न शब्द सावकाश म्हटला, वॉर्डबॉय बाहेर ताटकळत होता.

याच सकाळच्या माळेत एक ओळ अशी आहे की मला बाई केलं नाहीस म्हणून आभार. बायकांनी त्या जागी म्हणायचं की तुझ्या इच्छेप्रमाणे घडवलंस. मला शिकवताना सांगितलं होतं की पुरुषांवर वेळेच्या बंधनाची कर्तव्यं जास्त आहेत, त्याचे हे आभार. माझ्या मुलीला हे स्पष्टीकरण बारा वर्षांची असतानाही पटलं नाही आणि आता पस्तिशीतही पटत नाही, आणि खरं सांगू का, मी ती ओळ मनातल्या मनात म्हणतो, मोठ्याने नाही. ज्यूंमधल्या सुधारक पंथांनी ती केव्हाच बदलली.

मग येतं शेमा. आमच्या लोकांसाठी हे सगळ्यात जवळचं. "शेमा यिस्राएल, हाशेम एलोकेनू, हाशेम एहाद", म्हणजे ऐक रे इस्राएला, देव आपला, देव एकच. (प्रार्थनेबाहेर देवाचं नाव पूर्ण लिहीत नाही म्हणून हाशेम लिहिलंय, हाशेम म्हणजे नुसतं 'ते नाव'.) उजवा हात डोळ्यांवर ठेवून म्हणतात, काका असं करताना दिसतील, झोप आलेली नसते त्यांना. सकाळी आणि रात्री, दोनदा. आमच्यात पिढ्यानपिढ्या सांगतात की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आमचे सात जोडपी पूर्वज अलिबागकडे राहिले, पुस्तकं समुद्रात गेली, हिब्रू विसरली, तेल गाळायचा धंदा धरला. राहिलं काय तर सुंता, शनिवारची सुट्टी, खाण्याचे नियम आणि शेमा. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. दुसरी प्रार्थनाच ठाऊक नसल्याने बारशापासून मयतापर्यंत सगळीकडे शेमाच म्हणायचे. बाकीची तेफिला म्हणजे प्रार्थना आम्ही नंतर नव्याने शिकलो, सेफार्दी म्हणजे मुळात स्पेनकडच्या ज्यूंच्या पद्धतीची. १७९६ मधे मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं, तेव्हा आम्ही त्याला मशीदच म्हणायचो, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं आमच्या घरात सांगत आलेत. एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, त्यामुळे माझ्या आजीसारख्या बाईला पहिल्यांदा कळलं की आपण इतकी वर्षं म्हणतोय काय.

शेमानंतर अमिदा, हीच ती राजालाही उत्तर न देण्याची. तीन पावलं पुढे, पाय जुळवून उभं, ओठ हलले पाहिजेत पण शेजाऱ्याला ऐकू जाता कामा नये. तिला अठरा म्हणतात आणि आशीर्वाद आहेत एकोणीस, एक नंतर वाढला, नाव तेच राहिलं. पहिले तीन स्तुतीचे, शेवटचे तीन आभारांचे, मधले तेरा मागणीचे. तुम्ही विचारलंत ना काय मागतात, तर पहिली मागणी अक्कल. मग पश्चात्तापाची बुद्धी, क्षमा, सुटका, मग कुठे तब्येत, मग पीकपाणी, पुढे चांगले न्यायाधीश वगैरे. सगळं बहुवचनात, आम्हाला दे, मला दे असं नाही. आजाऱ्याचं नाव मधे घालता येतं आणि ते आईच्या नावाने घालतात, अमुक हिचा मुलगा अमुक, एरवी तोरासमोर बोलावतात ते बापाच्या नावाने. शनिवारी या तेरा मागण्या गाळतात, सातच आशीर्वाद उरतात, सुट्टीच्या दिवशी देवाकडे अर्ज करायचे नाहीत.

पाऊस हा आम्हा भारतातल्या लोकांचा खास घोळ. प्रार्थना बांधल्या गेल्या इस्राएलच्या हवामानावर, तिथे पाऊस हिवाळ्यात. म्हणून सुक्कोथ या शरदातल्या सणाच्या शेवटापासून पेसाह या वसंतातल्या सणापर्यंत "पाऊस पाडणारा" म्हणायचं आणि पेसाहपासून पुढे, म्हणजे आपला अख्खा पावसाळा, "दव पाडणारा". २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, मी बंद पडलेल्या लोकलमधून उतरून एका अनोळखी माणसाच्या ओट्यावर चिंब भिजून मिन्हा केली आणि बरोबर नियमाप्रमाणे म्हणालो, मोरिद हाताल, दव पाडणाऱ्या देवा. आणि परदेशात राहणाऱ्या ज्यूंनी पाऊस मागायला सुरुवात करायची ती साधारण ४ डिसेंबरच्या रात्रीपासून, म्हणजे नेमका आंब्याला मोहोर यायच्या सुमाराला. आमच्या मामांची अलिबागला वाडी होती, अवकाळी आला की मोहोर काळा पडायचा, ते मला म्हणायचे तू हिब्रू नीट शिकलायस, तेवढं वाक्य हळू म्हण. यावर उत्तर पण आहे, तालमूदमधलंच. निनवे गावच्या लोकांनी रब्बीला विचारून पाठवलं होतं की आम्हाला उन्हाळ्यातही पाऊस लागतो, तर आम्ही काय करायचं. उत्तर आलं, नेहमीच्या जागी मागू नका, सोळाव्या आशीर्वादात मागा, "प्रार्थना ऐकणारा" म्हणतो त्यात, तिथे कुणीही आपली गरज आपल्या शब्दांत घालू शकतो. तर जून कोरडा गेला की मी तिथे मागतो, मराठीत.

बायकांचं. जुन्या पद्धतीत वेळेला बांधलेल्या कर्तव्यांतून त्यांना सूट आहे, तेफिलिन बांधत नाहीत, सिनेगॉगमधे वेगळ्या, बऱ्याच ठिकाणी वरच्या गॅलरीत बसतात. प्रार्थना मात्र करतात, माझी आई माझ्यापेक्षा नेमाने करायची. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मधे ज्युइश रिलिजियस युनियन सुरू केली, सुधारक विचारांची, पण आपल्याकडे बहुतेक सिनेगॉग जुन्या वळणाचीच राहिली.

आणि दहा. एकटा माणूस घरी सगळं म्हणू शकतो, पण काही भाग, काद्दिश, केदुशा, तोरावाचन, हे दहा पुरुष असल्याशिवाय होत नाही, तेरा वर्षांवरचे. त्याला मिन्यान म्हणतात. कागदावर दहा म्हणजे काहीच नाही, पण आमचे बहुतेक लोक इस्रायलला गेले, भारतात चार-पाच हजार उरलेत, ते पण विखुरलेले, रोजचा मिन्यान जमवणं म्हणजे रोज फोन फिरवणं. वडील गेले तेव्हा अकरा महिने मला काद्दिश म्हणायचं होतं. अरामीतली प्रार्थना आहे, त्यात मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाच्या नावाची थोरवी, पण ती एकट्याने म्हणता येत नाही, "आमेन" म्हणायला समोर माणसं लागतात. ऑगस्टातली एक संध्याकाळ, गाड्या उशिरा, नऊ जण जमलो. दहावा कळव्याला अडकलेला, फोनवर सांगत होता आलोच, आलोच. शमाशने, म्हणजे सिनेगॉगची व्यवस्था बघणाऱ्याने, घड्याळ बघितलं, मिन्हा एकेकट्याने उरकली, सूर्य गेला. अर्वितला तरी येईल म्हणून थांबलो, कुणी क्रिकेटचा स्कोअर सांगत होतं, ऐंशीच्या पुढचे एक काका पाय सुजलेले स्टुलावर ठेवून बसले होते, घरी जायचं नाव घेत नव्हते. पावणेनऊला तो आला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, चपला हातात. कुणी काही बोललं नाही, मला फक्त पुढे ढकललं. ते पाय सुजलेले काका मला फारसे आवडायचे नाहीत हे पण सांगून टाकतो. त्या रात्रीनंतर दुसऱ्या कुणाला काद्दिश असलं आणि मला कंटाळा आला की त्यांचे पाय डोळ्यासमोर येतात आणि मी चप्पल घालतो.

मन लागतं का रोज, असं विचाराल. नाही लागत. अर्ध्या वेळा डोक्यात लाइटबिल असतं. मिश्नामधे एक रब्बी म्हणतात की ठरावीक कामासारखी केलेली प्रार्थना ही विनवणीच नव्हे, आणि तिथेच जुन्या भक्तांचं लिहिलंय की ते आधी तासभर नुसते बसून राहायचे आणि मग सुरू करायचे. ते त्यांना जमायचं, आमची ८.१२ ची ठाणे फास्ट असायची. मी तरी वेळ पाळतो, मन येईल तेव्हा येतं.

बघायला जरूर या, काकांनाच विचारा, ते घेऊन जातील. अनेक ठिकाणी सिक्युरिटी असते तर आधी कळवून, ओळखपत्र घेऊन. पुरुषांनी डोकं झाकायचं, दारात किप्पा म्हणजे छोट्या टोप्या ठेवलेल्या असतात, नाहीतर रुमालही चालतो. शनिवारी फोटो नको, फोन बंद. संपल्यावर लोक एकमेकांच्या बोटांना बोटं लावून स्वतःची बोटं ओठांना लावतात, त्याला हाथबोशी म्हणतात, कुणी तुमच्याकडे हात केला तर तुम्ही पण करा, काही बिघडत नाही. आणि सुरू व्हायच्या आधी एक म्हातारा माणूस बाकांमधून फिरताना दिसेल, प्रत्येकाकडे बघत काहीतरी पुटपुटत. माणसं एक दोन तीन अशी मोजायची नसतात, म्हणून तो स्तोत्रातली दहा शब्दांची एक ओळ म्हणतो, होशिया, एत, अमेखा, माणशी एक शब्द, आणि ओळ पुरी झाली की मिन्यान झाला. तुमच्यापाशी येऊन तो तुम्हाला वगळून पुढे जाईल. वाईट वाटून घेऊ नका, शब्द कमी पडत असला तर तो परत एकदा तुमच्याकडे बघून जाईलच, आशेने.